अप्पांचे मार्कर, आईच्या खुणा

अप्पा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही होतात तेव्हाही आपलं बोलणं कमीच होतं, आणि जे होतं ते आईमार्फत. 'तिला म्हणावं, गाडीत हवा भरून घे.' 'त्यांना सांग, मला आज उशीर होईल.' एकाच टेबलावर बसून आपण दोघं असे तिच्या तोंडून बोलत राहिलो. आता आईही नाही. फाल्गुनात गेली. त्यामुळे जे सांगायचं ते सरळ तुम्हालाच सांगावं लागणार, आणि ते तुमच्या मार्करांबद्दल आहे.

मराठी लिहायची सवय फारशी राहिलेली नाही. शाळेत दिवसभर हिंदी आणि इंग्रजी, घरी आई होती तोवर बोलण्यापुरतं मराठी. पण आईने लहानपणी दर रविवारी साताऱ्याला आजीला पत्र लिहायला बसवलं होतं, ते आज उपयोगी पडतंय. चुका काढू नका.

मार्कर म्हणजे काय, हे मला अजूनही लोकांना समजावून सांगावं लागतं. घरी कोणी आलं आणि दिवाणखान्यातली ती पेटी पाहिली की पहिला प्रश्न, 'ही जुनी नाणी आहेत का?' मग मी सांगते. रुपयाएवढी चकती असते. गोल्फमध्ये बॉल खळग्याजवळच्या बारीक कापलेल्या गवतावर, म्हणजे ग्रीनवर, आला की तो पुसायला किंवा दुसऱ्याच्या वाटेतून काढायला उचलता येतो. पण उचलायच्या आधी त्याच्या मागे ही चकती ठेवायची. आपली पाळी आली की बॉल पुन्हा नेमका तिथेच ठेवायचा आणि मग चकती उचलायची. एवढंच. हे मी तुमच्याकडूनच शिकले, देवळालीच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी आठ-नऊ वर्षांची असेन. थंडीचे दिवस आहेत, आईने डिंकाचे लाडू केलेत आणि परातीत मांडून ठेवलेत. तुम्ही गणवेशातच आत येता, एक लाडू टेबलावर ठेवता आणि त्याच्यामागे चकती. 'हा बॉल,' तुम्ही म्हणता, आणि लाडू उचलून खाऊन टाकता. आई हसते. मग म्हणते, "आणि बॉल परत ठेवलाच नाही तर?"

"तर खेळ पुरा झाला नाही."

"तोवर हे इथेच?"

"तोवर इथेच. कोणी हलवायचं नाही."

आईने त्या दिवशी दुपारपर्यंत टेबल पुसताना ती चकती सोडून भोवतालचं पुसलं. तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही ऑफिसला निघून गेला होतात.

तुमच्या जेवढ्या बदल्या झाल्या तेवढे तुमचे मार्कर वाढत गेले. जिथे जिथे गोल्फचं मैदान असेल तिथला एक. मित्र परगावी खेळून आले की त्यांच्याकडून एक. सुरुवातीला ते बुटाच्या पॉलिशच्या गोल डबीत मावायचे, नंतर आईने खाकी कापडाची गुंडाळी शिवली, पान्यांची असते तशी, प्रत्येकाला एक खिसा. आसाममध्ये त्या गुंडाळीला बुरशी आली आणि पितळेचे मार्कर हिरवे पडले. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. शाळेतून आल्यावर मी चिंच आणि मीठ घेऊन ते सगळे घासले, उन्हात ओळीने मांडले. सोन्यासारखे चमकत होते. दोन-तीन मार्करांवरचा रंगही निघून गेला होता, ते मला तेव्हा कळलं नाही. तुम्ही आलात, उभे राहून पाहिलंत, आणि म्हणालात, "जे जसं आलं तसं ठेवायचं असतं." आवाज चढवला नाहीत. पण दोन दिवस तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. आईने मला जवळ घेऊन सांगितलं, "तुझे वडील माणसांवर रागावत नाहीत गं, गोष्टींसाठी रागावतात." त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

शेवटची बदली जयपूरची, आणि इथेच राहायचं ठरलं. इथली हवा कोरडी, मार्करांना चांगली, असं तुम्ही म्हणालात तेव्हा आईला वाटलं होतं की थट्टा करताय. वैशाली नगरमधलं हे घर बांधून झाल्यावर तुम्ही शास्त्री नगरच्या एका सुताराकडून सागवानी पेटी करून घेतलीत. अकरा उथळ खण, खणात गोल खळगे, खळग्यांना हिरवं कापड. ऑफिसर्स मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलाचं जुनं कापड उतरवलं होतं, ते तुम्ही मागून आणलं होतंत. प्रत्येक खळग्याखाली तुमच्या अक्षरातली चिठ्ठी, कुठला, कोणी दिला. शिवाय एक नोंदवही. आईने तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जोहरी बाजारातल्या एका मीनाकारी करणाऱ्या बाबांकडून तुमच्यासाठी मार्कर बनवून घेतला. निळ्या मीन्यावर एक पांढरं फूल. त्या दिवसापासून तुम्ही खिशात दुसरा मार्कर कधी ठेवला नाहीत.

आणि मग मी परत आले. नाशिकहून, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन, दोन बॅगा घेऊन. संसार मोडून आले होते. आई रडली, तिने विचारलं, फोन केले. तुम्ही काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर वरच्या खोलीतून काहीतरी सरकवल्याचा आवाज येत होता. वरची खोली म्हणजे तुमची खोली, पेटी तिथे होती, तुमची आरामखुर्ची तिथे होती. तुम्ही आणि माळी मिळून पेटी जिन्यावरून खाली आणत होतात, एकेक पायरी. दिवाणखान्यात ठेवलीत, घाम पुसलात आणि आईला म्हणालात, "तिला म्हणावं, वरची खोली तिची." मी समोरच उभी होते. त्या खोलीत मी आजही झोपते.

तुम्ही गेलात त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, कारण ती तुम्ही गेल्यानंतरची आहे, आणि पुढचं सगळं समजायला ती लागेल. शाळेत फोन आला, मी सरळ हॉस्पिटलात गेले. तुमच्याबरोबर रोज खेळणारे डॉक्टरकाका बाहेर बाकावर बसले होते. ते म्हणाले, "बेटा, उन्होंने बॉल मार्क किया, उठाया, मुझसे कहा, तुम खेलो. पीछे हटकर घास पर बैठ गए. एक जूता उतारा, जैसे कंकड़ आ गया हो. मैं खेलकर मुड़ा, तो..." आत तुम्ही स्ट्रेचरवर होतात. उजव्या पायात बूट होता, डाव्या पायात नुसता करडा मोजा, टाचेवर आईने रफू केलेला. तो दुसरा बूट धावपळीत मैदानावरच राहिला असणार. मी पायातला बूट काढला, मोजे काढले, आणि सगळं तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तुम्हाला घरी आणलं तेव्हा पाय चादरीखाली होते. एका पायात बूट असलेले तुम्ही आईच्या डोळ्यांसमोर राहू नये, एवढंच मनात होतं. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही, कोणालाच नाही. डॉक्टरकाकांनाही मी शपथ घातली होती. तेही पुढे चार वर्षांनी गेले.

त्या दिवशी संध्याकाळी काका रुमालात बांधून तुमचा हातमोजा, बॉल आणि तो मीनाकारीचा मार्कर घेऊन आले. आईने रुमाल उघडला. मार्कर हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "इसको उठाना नहीं चाहिए था." काकांना वाटलं, आपण तसदी घेतली म्हणून भाभी म्हणतायत. "नहीं भाभीजी, तकलीफ़ कैसी," ते म्हणाले. तिने तो नेऊन पेटीतल्या त्याच्या जागी ठेवला.

त्यानंतरही मार्कर येत राहिले. तुमचे मित्र कुठे कुठे जाऊन खेळायचे आणि येताना आईसाठी एक आणायचे, जणू तुम्ही आत अंघोळ करताय आणि नंतर बघाल. आई चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घ्यायची. शेवटच्या खणातलं अक्षर माझं आहे. मग मित्रही कमी होत गेले, पेटी भरली आणि थांबली.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याची गोष्ट. तोवर आईचं खुब्याचं हाड मोडून दोन वर्षं झाली होती. वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायची. जिना चढणं बंद, वाकणं बंद. विसरायचीही. सकाळी मला ओळखायची, संध्याकाळी मला तिची बहीण समजायची. मी अडीच वाजता शाळेतून आले तर गेटच्या आत, विजेच्या मीटरखाली, फरशीवर एक मार्कर होता. तुमच्या पहिल्या खणातला. मला वाटलं, पडला असेल. उचलून आणला, खळग्यात ठेवला. जेवताना आई म्हणाली, "ते तू उचललंस होय?"

"पडलं होतं ना बाहेर."

"पडलं नव्हतं. हे उभे होते तिथे."

हे म्हणजे तुम्ही. तिने तुमचं नाव कधीच घेतलं नाही. मी लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "मग आत का नाही बोलावलंस?"

"बोलावलं की. म्हणाले, अजून पाळी आलेली नाही."

दुसऱ्या दिवशी मार्कर पुन्हा मीटरखाली होता. मी तिला सी-स्कीम भागात मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते समजूतदार होते. म्हणाले, या आजारात गेलेली माणसं दिसतात, तिला त्याचा त्रास होत नाही ना, मग वाद घालू नका. मी घातला नाही. मार्कर उचलला नाही. येता-जाता त्याला वळसा घालून जायची सवय लागली.

दोन-तीन आठवड्यांनी तो व्हरांड्याच्या पायरीवर आला. "हे पुढे आलेत, मागचं उचल," आईने मला सांगितलं होतं, त्यामुळे घरभर पसारा नव्हता, एका वेळी एकच. ज्येष्ठातलं ऊन, कूलर घरघरतोय, पडदे ओढलेले. आम्ही जेवायला बसलो आहोत. मी पोळीला तूप लावतेय. आई म्हणते, "ह्यांना म्हणावं, व्हरांड्यात नका थांबू. पाय भाजत असेल."

"बूट असतील की पायात."

"एका पायात आहे. डाव्या पायात नुसता मोजा."

मी त्याच पोळीला तूप लावत राहिले. दोनदा, तीनदा. आई जेवत होती. तिच्या चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. तुमचा तो पाय तिने पाहिला नव्हता, अप्पा. ते बूट आणि मोजे हॉस्पिटलच्या डब्यात गेले होते आणि ज्या एका माणसाला ते माहीत होतं तो वारला होता. मी स्वतःला बरंच समजावलं. काकांनी कधीतरी सांगून टाकलं असेल. मी झोपेत बोलले असेन. पण त्या दिवसापासून दुपारी घरी यायची मला भीती वाटायला लागली. गेट उघडायच्या आधी मी स्कूटर बंद करून दोन मिनिटं रस्त्यावरच थांबायचे, शेजारच्या पार्लरची मुलगी विचारायची, "मैडम, चाबी भूल गईं क्या?"

आमची कामवाली बाई दहा वर्षांपासूनची, कशाला न घाबरणारी. तिने एक दिवस झाडू खाली ठेवला. म्हणाली, "दीदी, उसके ऊपर से झाड़ू मैं नहीं लगाऊँगी." आई आतून म्हणाली, "एक वीतभर डावीकडे सरकव तेवढ्यापुरता. झाडून झालं की परत." मग ते माझं काम झालं. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी तुमच्या जागेवरून मार्कर वीतभर सरकवायचे, बाई झाडून घ्यायची, मी परत ठेवायचे. आई दारात उभी राहून बघायची, बरोबर ठेवला की नाही ते.

आषाढात तो दिवाणखान्यात शोकेसपाशी आला. गणपतीत जेवणाच्या टेबलाजवळ. दसऱ्याला आईच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात. मुलगा पुण्याहून सुट्टीला आला होता, तो म्हणाला, "आई, आजीला मतलब खेळ मिळालाय, छान आहे की." त्याने फोटो काढला. मी फोटोकडे पाहिलं आणि मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. ते कळायला थंडी यावी लागली. मी आईची वेणी घालत होते, तिचा कंगवा खाली पडला आणि ती नुसती बघत राहिली, मी उचलून देईन म्हणून. वाकता तर तिला येतच नव्हतं. वॉकर धरून उभी राहायची तीच कशीबशी. आणि मार्कर फरशीवर कधी घरंगळत पडलेला नसायचा, फरशांच्या रेघेला लागून व्यवस्थित ठेवलेला असायचा, चिन्हाची बाजू वर.

"आई," मी म्हटलं, "ते मार्कर तू खाली कशी ठेवतेस?"

तिने आरशात माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी ती पूर्ण भानावर होती, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. "मी कुठे ठेवते?" ती म्हणाली. "मी नुसता पेटीतून काढून ह्यांच्या हातात देते."

मी वेणी पुरी केली. रिबीन बांधली. बाईला विचारलं, ती देवाची आण घेऊन नाही म्हणाली, आणि त्या महिन्याअखेर काम सोडून गेली.

संक्रांतीला मार्कर आईच्या खोलीच्या उंबऱ्यात होता. मी पेटीला कुलूप लावायचा विचार केला होता. लावलं नाही. लावलं असतं तर तुम्ही उंबऱ्यातच अडकून पडला असता, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. खरं कारण वेगळंही असेल. आई त्या दिवसांत खूश होती. अप्पा, तिला इतकी खूश मी तुम्ही असताना पाहिली नव्हती. सकाळी पावडर लावून घ्यायची. मला म्हणायची, "पोरी, हे आता बरंच बोलतात." काय बोलतात, ते सांगायची नाही. मी दारात उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला आहे. फक्त तिचाच आवाज यायचा, आणि मध्ये मध्ये थांबून ऐकल्यासारखी शांतता. ती शांतता तुमच्या बोलण्याएवढीच लांब असायची. म्हणजे लहान.

फाल्गुनात, रविवार होता, मी घरीच होते. मार्कर तिच्या पलंगाच्या पायापाशी आला होता. दुपारी दोनच्या सुमाराला ती म्हणाली, "ती खुर्ची इकडे ओढ. किती वेळ उभं ठेवायचं माणसाला." मी खुर्ची ओढली. ती भिंतीकडे नाही, खुर्चीकडे तोंड करून झोपली. मी चहा टाकायला चार वाजता आत गेले तेव्हा ती गेलेली होती. हात पांघरुणाबाहेर होता, खुर्चीच्या बाजूला. मला रडू नंतर आलं. आधी मी खुर्ची उचलून भिंतीशी लावली आणि मगच तिच्याजवळ बसले. ते मी का केलं, मला माहीत नाही.

तेराव्यानंतर मार्कर उचलून खळग्यात ठेवला. अकरा खण तपासले, नोंदवहीशी ताडून पाहिले. सगळे जागेवर होते. पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली, ती पर्स शाळेतही माझ्याबरोबर असते. सात-आठ महिने काहीही झालं नाही. मी दुपारी सरळ गेट उघडून आत यायला लागले. फरशीकडे न बघता चालायला लागले.

येत्या मार्चात मी निवृत्त होतेय. मुलगा म्हणतो, घर विकून पुण्याला ये. बरोबरच म्हणतो. दिवाळीनंतर त्याच्या ओळखीतून एक जोडपं घर बघायला आलं. दोघंही मराठी, इथल्या आयटी कंपनीत कामाला, ती कोल्हापूरकडची, गोड मुलगी. इतक्या दिवसांनी घरात मराठी ऐकून मला बरं वाटलं. नवरा खाली नळ, वायरिंग बघत होता, ती वरची खोली बघायला गेली. वरून हाक आली, "काकू, तुमचं काहीतरी पडलंय हं इथे."

ती जिना उतरून आली आणि माझ्या तळहातावर दोन मार्कर ठेवले. एक निळ्या मीन्याचा, पांढऱ्या फुलाचा. दुसरा कोरा, पितळेचा, कुठल्याच क्लबचं चिन्ह नसलेला. "जुनी नाणी आहेत का?" तिने विचारलं.

"कुठे होते?"

"खाली, फरशीवर. शेजारी शेजारी."

"नेमकं कुठे?"

माझा आवाज तिला विचित्र वाटला असणार. मी तिला वर घेऊन गेले. ती घाबरून इकडेतिकडे पाहत होती, मग तिने पलंगाजवळची एक फरशी दाखवली. "इथे, या रेघेला लागून. सॉरी काकू, मी उचलायला नको होते का?" मी गुडघ्यांवर बसून ती जागा पाहत होते. जिन्यात तिचा नवरा उभा होता. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते मला दिसलं. लवकरच ते निघाले, चहासुद्धा न घेता.

मग मी पेटी उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. मीनाकारीचा खळगा रिकामा होता. बाकी एकही रिकामा नव्हता, नोंदवहीत कोऱ्या मार्करची नोंद नव्हती. तो तुमचा नाहीच, अप्पा. आईला स्वतःचा मार्कर कधी नव्हता.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. किल्ली माझ्याकडेच होती. म्हणजे मीच पेटी उघडली असेल, मीच ते वर नेऊन ठेवले असतील आणि मला आठवत नसेल. आईचंही असंच सुरू झालं होतं. ही शक्यता मला दुसरीपेक्षा जास्त भीतीची वाटली, आणि मग थोड्या वेळाने दुसरी जास्त भीतीची वाटली. सी-स्कीमच्या त्याच डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. पण कोरा मार्कर मी कुठून आणला असेन, याचं उत्तर त्यांच्याकडे असेल असं वाटत नाही. आईचा चेहरा आठवला की ही भीती कमी होते, हेही खरं. पावडर लावलेली, खुर्चीकडे तोंड करून झोपलेली. तुम्ही दोघं माझ्या खोलीपर्यंत जिना चढून आलात, आईच्या मोडक्या खुब्याने, आणि मला हाक मारली नाहीत, हे मला थोडं लागलंही.

मुलाला मी फोनवर सांगितलं की घराच्या कागदपत्रांत एक सही राहिली आहे, विक्री आत्ता नको. तो म्हणाला, "आई, सगळं ठीक आहे ना?" ठीक आहे म्हटलं.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, ते मलाही कळतं. शाळेच्या वहीत लिहिलंय, वहीतच राहील. जे झालं ते सगळं लिहिलं, फक्त एक राहिलं. त्या मुलीने दाखवलेली फरशी माझ्या उशीपासून दीड हातावर आहे. जागा मला नेमकी कळली होती, रेघेसकट. ती दोघं गेल्यावर मी मार्कर परत ठेवले. पण तिथे नाही ठेवले, अप्पा. ते मी खोलीबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर नेऊन ठेवले. हे बरोबर नाही, मला ठाऊक आहे. पण मला अजून थोडे दिवस हवे आहेत.